बोलण्याचं स्वातंत्र्य: अमेरिकेचं बरोबर का आपलं?

नारायणपेठकर:
१९०८ साली केसरीतल्या लेखांसाठी टिळकांना राजद्रोहाच्या १२४अ कलमाखाली सहा वर्षं मंडालेला धाडलं. इंग्रज गेल्या गेल्या ते कलम जायला हवं होतं, पण ते कायद्यात २०२४ पर्यंत राहिलंच, वर १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने १९(२) मध्ये, म्हणजे बोलण्यावरच्या निर्बंधांच्या यादीत, सार्वजनिक सुव्यवस्था, परकीय देशांशी मैत्री, गुन्ह्याला चिथावणी हे सगळं घुसवलं. का, तर आदल्या वर्षी सुप्रीम कोर्टाने क्रॉसरोड्स आणि ऑर्गनायझर या दोन्ही साप्ताहिकांच्या बाजूने निकाल दिला, एक डावं, दुसरं संघाचं, म्हणजे सरकारला दोन्हीकडची टीका नको होती. अमेरिकेत १७९१ पासून घटनेत सरळ लिहिलंय की काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, बोलण्यावर बंधन घालणारा कायदाच करायचा नाही. १९६९ च्या ब्रँडेनबर्ग खटल्यात कु क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेच्या पुढाऱ्याचीसुद्धा शिक्षा रद्द झाली, कारण नुसतं विखारी बोलणं पुरत नाही, लगेच बेकायदा कृत्य घडवायचा हेतू आणि तशी शक्यता दोन्ही लागतात. सरकारवर अविश्वास हाच स्वातंत्र्याचा पाया, असं माझं ठाम मत आहे.

येरवडेकर ताई:
दादा, अविश्वास फक्त सरकारवरच का? महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला होता, तरी १९२७ ला पाणी प्यायलेल्या लोकांना गावातल्या सवर्णांनी मारलं. म्हणून आपल्या घटनेचं अस्पृश्यता संपवणारं १७ वं कलम आणि भेदभावाला मनाई करणारं १५(२) सरकारपुरतं थांबत नाही, १५(२) मध्ये तर दुकान, हॉटेल, विहीर, तळं अशी नावं घेऊन लिहिलंय. अमेरिकेत काळ्या माणसाला खासगी हॉटेलात हक्काने शिरायला १९६४ चा वेगळा कायदा लागला. आणि हक्क निरंकुश नसतात हे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत अमेरिकेच्याच गिटलो खटल्याचा, म्हणजे क्रांतीचं पत्रक छापणाऱ्याची शिक्षा तिथल्या सुप्रीम कोर्टाने कायम केली त्याचा, दाखला देऊन सांगितलं होतं.

कोथरूडकर:
ताई, गिटलो १९२५ चा, ती भूमिका ब्रँडेनबर्गनंतर उरली नाही. मला जर्मनीचं पटतं. १९४९ च्या त्यांच्या घटनेचं पहिलंच कलम माणसाच्या प्रतिष्ठेचं, त्यात जर्मन तत्त्वज्ञ कांट स्पष्ट दिसतो. लोकशाही मोडायला निघालेल्या पक्षावर बंदी येते, पण ती फक्त घटना कोर्ट घालतं, १९५२ ला नाझी वळणाच्या एसआरपी पक्षावर, १९५६ ला कम्युनिस्टांवर घातली. आपल्याकडे पुस्तक जप्त करायला राज्य सरकारची अधिसूचना पुरते, मग दोन महिन्यांत हायकोर्टात धावायचं लेखकाने.

येरवडेकर ताई:
पद्धत सुधारा ना, मी कुठे नाही म्हणते? पण आगरकर इंग्रज तत्त्वज्ञ मिल वाचून लिहायला लागले तेव्हा जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा याच पुण्यात निघाली, ती काय इंग्रज सरकारने काढली होती? ज्याच्यामागे जात नाही, पैसा नाही, त्याला नुसतं 'सरकारने लुडबुड करू नये' म्हणून काय मिळणार.

नारायणपेठकर:
आगरकरांचं अगदी खरं, समाजाचा जाच राजसत्तेपेक्षा खोल जातो हे मिलनेही १८५९ लाच लिहिलंय. पण १९(२) ने तो जाच थांबला का? ५ जानेवारी २००४ ला भांडारकर संस्थेत जमाव शिरला, नासधूस झाली, आणि त्याच महिन्यात बंदी कोणावर आली, तर ज्यावरून हे झालं त्या जेम्स लेनच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकावर! ती हायकोर्टाने २००७ ला उठवली, सुप्रीम कोर्टाने २०१० ला त्यावर शिक्कामोर्तब केलं. जमावाच्या धमकीसाठी अभिव्यक्ती दाबता येत नाही, संरक्षण देणं सरकारचं काम आहे, हे एका सिनेमावरून झालेल्या रंगराजन खटल्यात सुप्रीम कोर्टाचं १९८९ लाच सांगून झालं होतं. निर्बंधांची यादी लांब असली की जमावाला फक्त गोंधळ घालायचा असतो, पुढचं काम सरकार करतं.