विषय: नाइन-बॉलच्या खुल्या गटात आपल्या मंडळाची मुलगी

प्रेषक: क्रीडा समिती

मंडळी, नमस्कार.

आपल्या मंडळातली सोळा वर्षांची मुलगी नाइन-बॉल पूलच्या खुल्या गटात तिसरी आली. खुला गट म्हणजे वयाची अट नाही आणि मुलामुलींचे वेगळे गटही नाहीत. आईवडिलांच्या इच्छेनुसार तिचं नाव इथे लिहीत नाही. ही मेल-यादी बरीच लांबवर जाते. ज्यांना ओळखायचं त्यांनी ओळखलं असेलच. या निकालामुळे तिला पुढच्या स्पर्धेत प्रवेश मिळाला आहे आणि ती येत्या शनिवारी आहे.

आपले माजी अध्यक्ष तिथे स्वतः खेळायला होते. त्यांनी सविस्तर लिहावं अशी विनंती.

प्रेषक: माजी अध्यक्ष

मंडळी,

निकाल कळला आहेच, त्यामुळे मी तिसऱ्या फेरीतल्या एका रॅकबद्दलच, म्हणजे एका डावाबद्दलच, लिहितो. ते बघितल्यापासून डोक्यातून जात नाहीये.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं आधीचं. टेबलावर एक ते नऊ आकड्यांचे बॉल असतात. पांढऱ्या बॉलनं दरवेळी टेबलावरच्या सर्वांत लहान आकड्याला आधी स्पर्श करायचा. नियमात राहून नऊ नंबर ज्यानं पॉकेटमध्ये घातला, रॅक त्याचा. फाउल झाला की समोरच्याला ‘बॉल इन हँड’ मिळतो, म्हणजे पांढरा बॉल हातात घ्यायचा आणि टेबलावर हवा तिथे ठेवून खेळायचं. मुरलेल्या खेळाडूला हे मिळालं की तो रॅक गेलाच म्हणून समजा. या स्पर्धेत सात रॅक आधी घेणारा मॅच जिंकत होता.

ती चार-तीननं पुढे होती. समोर वर्षानुवर्षं लीग खेळलेले, माझ्याच वयाचे गृहस्थ. टेबलावर सहा, सात, आठ, नऊ एवढेच उरलेले. पांढरा बॉल सहा नंबरला जवळजवळ टेकून थांबला होता, मधली फट खडूच्या ठोकळ्याच्या रुंदीहूनही कमी. अशा वेळी सरळ रेषेत फटका मारला तर पांढरा बॉल पुढे सरकायच्या आतच क्यूचं, म्हणजे खेळायच्या काठीचं, टोक त्याला पुन्हा लागतं. हा फाउल, पण नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. कळतो तो बॉलच्या चालीवरून: धडकेनंतर पांढऱ्यानं थबकायला हवं, त्याऐवजी तो पुढच्या बॉलच्या मागोमाग जवळपास त्याच वेगानं धावत सुटतो.

तिनं क्यूची मागची बाजू उचलली, वरून आखूड फटका मारला. सहा नंबर कोपऱ्यातल्या पॉकेटमध्ये गेला. पांढरा बॉल सात नंबरसाठी अगदी हव्या त्या जागी येऊन थांबला. कडेनं दोन-तीन टाळ्याही पडल्या. ते गृहस्थ खुर्चीत बसले होते, तिथून ती फट दिसतच नव्हती. ही सरळ उभी राहिली, हात वर केला, “दोनदा लागला, फाउल माझा,” म्हणाली आणि पांढरा बॉल उचलून त्यांच्या हातात दिला. चेहऱ्यावर काही नाही. जाऊन आपल्या खुर्चीत बसली.

नाइन-बॉलमध्ये फाउलवर पॉकेट झालेला बॉल परत टेबलावर येत नाही. तो मान फक्त नऊ नंबरला. म्हणजे त्या गृहस्थांना सात, आठ, नऊ एवढेच घालायचे होते, तेही पांढरा बॉल हवा तिथे ठेवून. त्यांनी घातले. चार-चार. मॅच ते सात-पाचनं जिंकले.

स्पर्धा दोन हारींची होती. एकदा हरलं तर खालच्या बाजूला जायचं, दुसऱ्यांदा हरलं की बाहेर. ती खालच्या बाजूनं एकेक मॅच काढत तिसऱ्या क्रमांकापर्यंत आली. खालची बाजू फार दमवते. मॅच जास्त, मधला वेळ कमी आणि आता चूक परवडणार नाही हे डोक्यावर. तिथेही तिची शॉटआधीची तयारी तसूभर बदलली नाही. टेबलाभोवती एक फेरी, खडू, रेषेत उभं राहून एक नजर, मग वाकणं. फटका मारल्यावर बॉल थांबेपर्यंत ती खालीच असते. डोकं आधी वर येत नाही. आम्ही अर्धं आयुष्य खेळून हे अंगी बाणवू शकलो नाही.

आता हे सगळं का लिहितोय ते सांगतो. मोठ्या स्पर्धांच्या टेबलांवर रेफरी असतो. बाकी सगळीकडे दोघं खेळाडूच एकमेकांचे रेफरी असतात. बाही बॉलला लागली, दोनदा स्पर्श झाला, चुकीच्या बॉलला आधी लागलं, यातलं निम्मं फक्त मारणाऱ्यालाच कळतं. तो बोलला नाही तर खेळच उरत नाही. या मुलीच्या सभ्यतेचं आपण ‘किती गोड मुलगी’ म्हणून कौतुक करतो. मला ती तिच्या खेळाचाच भाग वाटते, धडकेनंतर पांढरा जागीच थांबवणाऱ्या तिच्या स्टॉप शॉटइतकाच.

प्रेषक: मराठी शाळेतील शिक्षिका

काका, वाचताना ऊर भरून आला. ही माझ्या वर्गात होती, तेव्हाही दुसऱ्याचं वाचन संपेपर्यंत पान उलटायची नाही.

पण मनातली शंका विचारते, राग मानू नका. पूल हॉल म्हटलं की रात्रीची वेळ, पैजा, नको ती संगत असं डोळ्यांसमोर येतं. दहावी-बारावीच्या वयात इतके तास तिथे जाणं ठीक आहे का? अजून दोन पालकांनी मला हेच विचारलं, म्हणून यादीवर लिहिते आहे.

प्रेषक: क्रिकेट संघाचा कर्णधार

तिचं मनापासून अभिनंदन. काका, माझं मत जरा वेगळं आहे. क्रिकेटमध्ये स्वतःहून पॅव्हेलियनकडे चालू लागणाऱ्या फलंदाजाचं कौतुक सगळे करतात, पण वरच्या पातळीवर किती जण तसं चालतात? फाउल पाहायची जबाबदारी समोरच्याची. चार-तीन असताना तो रॅक मिळाला असता तर पाच-तीन झाले असते, कदाचित ती थेट वरच्या बाजूनं गेली असती. मला भीती वाटते की या स्वभावामुळे तिच्या खेळात धार येणार नाही. तिला कोणीतरी थोडं निष्ठुर व्हायला शिकवायला हवं.

प्रेषक: माजी अध्यक्ष

कर्णधार, तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तो प्रश्न मीही बरीच वर्षं ऐकत आलोय.

तू तिच्या सेफ्टी बघितल्या नाहीस. पॉकेटला जाईल असा बॉल नसला की ती पांढरा बॉल दुसऱ्या बॉलच्या आड असा नेऊन ठेवते की समोरच्याला आपला बॉल दिसतसुद्धा नाही. मग तो कुशनवरून, म्हणजे टेबलाच्या कडेवर बॉल आपटून, वाट काढतो, चुकतो, फाउल होतो. ती पुन्हा सोपा शॉट सोडून पुन्हा आड ठेवते. लागोपाठ तीन फाउल झाले की समोरचा तो रॅक हरतो, टेबलावर कितीही बॉल असोत. खालच्या बाजूच्या एका मॅचमध्ये तिनं असा एक रॅक घेतला. याहून निष्ठुर काय असतं?

आणि त्याच नियमात पुढची अट आहे. दोन फाउल झालेला खेळाडू टेबलापाशी आला की त्याला ‘तुमचे दोन झालेत’ असं सांगावं लागतं. नाही सांगितलं तर तिसरा फाउल दुसराच धरला जातो. ती दरवेळी सांगते, स्पष्ट, समोरच्याकडे बघून. गळा आवळायचा आणि आवळतोय हे सांगून आवळायचा, असा हा खेळ आहे. धार आणि अदब यांत निवड करायची वेळच येत नाही.

एफ्रेन रेयेस यांचं नाव घेतो. फिलिपिन्सचे, 1999 साली कार्डिफला जागतिक नाइन-बॉल विजेते झाले. हसतमुख, नम्र माणूस, समोरच्याच्या चांगल्या शॉटला दाद देणारा. पण सेफ्टीत अडकवलेल्या जागेतून ते असे सुटत की अडकवणाराच अडकायचा, आणि सुटल्यावर दयामाया नसे.

वयाचंही सांगतो. 2005 साली तैवानमध्ये काओशुंगला वू च्या-चिंग जागतिक नाइन-बॉल विजेता झाला तेव्हा सोळा वर्षांचा होता. अंतिम सामना 17-16, म्हणजे शेवटच्या रॅकपर्यंत गेलेला. त्याच वर्षी एट-बॉल या पूलच्याच दुसऱ्या प्रकारातलं जागतिक विजेतेपदही त्यानंच घेतलं. अ‍ॅलिसन फिशर 1985 मध्ये सतराव्या वर्षी स्नूकरची महिला जगज्जेती झाली, पुढे पूलकडे वळली आणि तिथे चार वेळा जागतिक विजेतेपद मिळवलं. आपली मुलगी त्या पातळीवर आहे असं मी म्हणत नाहीये. सोळा-सतरा हे वय या खेळात लहान नाही, एवढंच माझं म्हणणं. ताकद लागत नाही. लागते ती नजर, हाताची स्थिरता आणि डोक्यातली शिस्त.

ताई, तुमची शंका रास्त आहे. टेबलाभोवती पैजा लागतात, नाकारण्यात अर्थ नाही. पण क्यूच्या खेळांकडे केवळ त्या नजरेनं बघू नये. स्वतंत्र भारताला कुठल्याही खेळातला पहिला जगज्जेता दिला तो बिलियर्ड्सनं: विल्सन जोन्स, जन्म पुण्याचा, विजेतेपद 1958 चं. घरचं काय ते वहिनीच सांगतील.

प्रेषक: मुलीची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुम्ही विचारलंत ते बरं झालं. आम्ही दोघांनीही सुरुवातीला हेच प्रश्न एकमेकांना विचारले होते.

आमच्या घरात चार गोष्टी ठरलेल्या आहेत. पैशाची पैज नाही, मैत्रीतली किरकोळसुद्धा नाही. हॉलवर आमच्यापैकी एक जण सोबत असतो. सराव दुपारचा, हॉल रिकामा असताना. आणि परीक्षेच्या आधीचे आठवडे क्यू पेटीत. शेवटची अट तिनंच घातली, कारण अर्धवट लक्ष देऊन सराव केला की हाताला चुकीची सवय लागते असं ती म्हणते.

सराव दिसायला अगदी कंटाळवाणा असतो. बराच वेळ एकटीच ‘भुता’शी खेळते. ब्रेक, म्हणजे बॉल फोडणारा पहिला फटका, मारायचा, मग पांढरा बॉल हातात घेऊन हवा तिथे ठेवायचा आणि आकड्यांच्या क्रमानं टेबल साफ करायचं. एकही चुकला की रॅक भुताचा. भूत कधी चुकत नाही, त्यामुळे ती बहुतेक वेळा हरते. वहीत निकाल लिहून ठेवते, कुठला बॉल चुकला आणि पांढरा कुठे थांबायला हवा होता, चित्रासकट. मी शेजारी बसून माझं काम करते. आई म्हणून मला हे आवडतं की हरलेल्या रॅकचीही ती नीट नोंद ठेवते.

फाउलचं आम्हाला तिनं घरी सांगितलंच नव्हतं. काकांच्या मेलमुळे कळलं.

खाली तिनं स्वतः लिहिलं आहे. मी फक्त शुद्धलेखन तपासलं.

प्रेषक: मुलीच्या आईच्या पत्त्यावरून

नमस्कार सगळ्या काका-काकूंना, आजी-आजोबांना.

काका, तुम्ही इतकं छान लिहिलंत, थँक यू. पण एक गोष्ट राहिली, ती सांगते. त्याच मॅचमध्ये त्याआधी त्या अंकलनी स्वतःची चूक सांगितली होती. दोन-दोन असताना त्यांच्या बाहीची कड आठ नंबरला लागली. त्या स्पर्धेत बॉल हलला तर मला तो मागच्या जागी ठेवायचा की तसाच राहू द्यायचा एवढं ठरवता येत होतं. मला काहीच दिसलं नव्हतं. त्यांनी सांगितलं म्हणून मी तो परत ठेवायला सांगितला आणि नंतर तो रॅक मीच जिंकले. त्यामुळे फक्त माझ्याबद्दल लिहिलेलं बरोबर वाटत नाही.

दादा, तो शॉट मी चुकीचा निवडला होता. एवढी कमी फट असताना मारण्यापेक्षा सहा नंबरच्या कडेला हलकेच घासून पांढरा लांब पाठवायला हवा होता, सेफ्टी म्हणून. आता त्याचाच सराव करते आहे. निष्ठुर व्हायचं लक्षात ठेवीन.

बाई, मी मराठी शाळेच्या दिवशी स्पर्धा असली तर आधी कळवत जाईन.

शनिवारी तुमच्यापैकी काही जण येणार आहात असं आईनं सांगितलं. खूप छान वाटलं. दोन-तीन गोष्टी सांगू का? मी वाकले की समोरच्या पॉकेटच्या मागे कोणी हलू नका, तिथे नजर जाते. मॅच चालू असताना मला कुठला बॉल मारायचा ते सांगू नका, मराठीतूनसुद्धा नाही, कारण प्रेक्षकांनी सल्ला देणं चालत नाही आणि समोरच्याला भाषा कळत नाही म्हणून तर ते अजूनच बरोबर नाही. टाळ्या बॉल थांबल्यावर वाजवा. समोरच्याच्या चांगल्या शॉटलाही वाजवल्यात तर मला आवडेल.

आणि मी हरत असले तरी क्यूची पेटी कोणी उघडून ठेवू नका. गेल्या वेळी बाबांनी मदत म्हणून उघडली होती. शेवटच्या रॅकमध्ये समोरचा खेळत असताना आपण क्यूचे दोन भाग सोडवायला लागलो तर हार मानली असं धरतात. मी क्यूला हात लावला नव्हता, पण मला उगीचच टेन्शन आलं.

पहिली मॅच सकाळी दहाला आहे. पुढची वेळ जिंकले की हरले त्यावर ठरते, बाबा इथे कळवतील.