वेस्टमालच्या धर्तीची ट्रिपल : साखर कधी घालावी आणि गोडवा कसा टाळावा?

सातू
मी अमेरिकेत राहतो; येथे स्वतःपुरती बिअर घरी बनवण्यास १९७८ च्या केंद्रीय कायद्याने मुभा आहे. आजवर माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) तयार अर्कावर काम केले, आता धान्यापासून २० लिटर ट्रिपल, म्हणजे फिकट रंगाची कडक बेल्जियन बिअर, करायची आहे. नमुना म्हणून डोळ्यांसमोर बेल्जियममधल्या वेस्टमाल मठाची ट्रिपल आहे, जिच्यात साडेनऊ टक्के मद्यार्क असूनही शेवटचा घोट कोरडा लागतो. साडेपाच किलो पिल्सनर माल्ट (बार्लीचा फिकट माल्ट) आणि ९०० ग्रॅम साखर घेतल्यास आरंभीची घनता (आंबण्याआधी द्रवात किती साखर आहे याचे माप) १.०७९ च्या आसपास येईल, असा माझा हिशेब आहे. मॅशचे, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या भरड माल्टचे, तापमान किती ठेवावे? साखर उकळीतच घालावी की नंतर? बेल्जियन कँडी शुगर (बिअरसाठी विकली जाणारी साखर) मिळाली नाही, तर चव बिघडेल का?

कढई
हिशेब योग्य आहे. ही बिअर कोरडी होते ती साखरेमुळेच, हे अनेकांना पटत नाही. पण साखर यीस्ट पूर्णपणे फस्त करते, तर सगळी ताकद माल्टमधूनच काढल्यास बिअर जड आणि चिकट होते. मॅश ६४ ते ६५ अंश सेल्सिअसवर दीड तास ठेवावा, कारण या तापमानाला बीटा अमायलेज हे माल्टमधले विकर (एन्झाइम) टिकून राहते आणि स्टार्चपासून यीस्टला पचणारी माल्टोज ही साखर अधिक तयार होते. उकळीही दीड तास आणि झाकण न ठेवता द्यावी, म्हणजे पिल्सनर माल्टमधून येणारा उकडलेल्या मक्यासारखा वास वाफेबरोबर निघून जातो. कँडी शुगरच्या पांढऱ्या खड्यांवर पैसे मुळीच घालवू नका. खडीसाखरेप्रमाणे तेही सुक्रोजच, आणि साधी पांढरी साखर तेच काम करते. गडद सिरपची गोष्ट वेगळी, पण ते दुबेल या गडद बेल्जियन बिअरमध्ये शोभते.

मठाची पायरी
साखर उकळीत घातली तरी चालते, मात्र यीस्ट भरपूर आणि ताजे हवे. एवढ्या घनतेच्या २० लिटरला सुमारे ३०० अब्ज पेशी लागतात, तेव्हा द्रवरूप यीस्टच्या एका पाकिटावर विसंबू नका. दोन दिवस आधी स्टार्टर करा, म्हणजे थोड्या माल्टच्या द्रवात यीस्ट वाढवून घ्या. यीस्टबद्दल शंका असेल, तर साखरेचा पाक करून, थंड करून, फेसाचा थर खाली बसू लागल्यावर घालावा, कारण सुरुवातीलाच आयती साखर मिळालेले यीस्ट पुढे माल्टोज संपवताना रेंगाळू शकते. आंबवण १८ अंशांवर सुरू करून हळूहळू २२-२३ पर्यंत चढू द्यावी. ऐन भरात ती थंड पडली तर घनता मध्येच अडकते.

सातू
मनापासून आभार. पाक नंतरच घालीन. बाटल्या नेहमीच्याच वापरल्या तर चालतील का?

कढई
नाही. ट्रिपलला वायू जास्त लागतो, त्यासाठी बाटल्या भरताना लिटरमागे आठ ग्रॅमपर्यंत साखर घालावी लागते, आणि पातळ काचेची बाटली तेवढ्या दाबाने फुटू शकते. जाड काचेच्या बेल्जियन किंवा शॅम्पेनच्या बाटल्याच घ्याव्यात. हायड्रोमीटरवर (घनता मोजण्याच्या उपकरणावर) घनता १.०१० च्या जवळ येऊन लागोपाठ तीन दिवस हलली नाही, तरच बाटल्या भराव्यात.