सीपॅपवरच्या बाळाला बारीक नळीने सरफॅक्टंट देणे म्हणजे नेमके काय?

प्रश्न (बाळाची मावशी):
माझ्या बहिणीचे बाळ २९व्या आठवड्यात जन्मले असून सध्या सीपॅपवर (नाकातून सतत दाबाखाली हवा देणाऱ्या यंत्रावर) आहे. ऑक्सिजनची गरज वाढत राहिली, तर ‘लिसा’ या बारीक नळीच्या पद्धतीने सरफॅक्टंट (फुप्फुसातले वायुकोश उघडे ठेवणारे द्रव्य) देऊ, असे डॉक्टर म्हणतात. याही पद्धतीत नळी श्वासनलिकेतच जाणार असेल, तर नेहमीच्या पद्धतीहून यात वेगळे काय, आणि हे औषध वाफेसारखे देता येत नाही का, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

उत्तर (नवजात शिशुतज्ज्ञ):
ताई, लिसामध्ये बाळाचा स्वतःचा श्वास थांबवावा लागत नाही, हा मुख्य फरक. सरफॅक्टंट कमी असले की श्वास सोडताना वायुकोश मिटतात आणि ते पुन्हा उघडण्यात बाळाची सारी शक्ती खर्ची पडते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या या श्वसनविकाराचे मूळ त्या कमतरतेत आहे, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवले. १९८० मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसापासून केलेले सरफॅक्टंट बाळांना यशस्वीपणे दिले. त्यानंतर कितीतरी वर्षे हे औषध द्यायचे म्हणजे जाड नळी घालून व्हेंटिलेटर लावायचा, असाच शिरस्ता होता, आणि औषधाने सावरू लागलेल्या फुप्फुसाला यंत्राच्या दाबाने इजा होई. नळी घालून, औषध देऊन ती लगेच काढायची ‘इन्श्युअर’ पद्धत पुढे आली खरी, पण नळी ठरल्या वेळी निघेलच याचा भरवसा नसतो. लिसामध्ये नाकातला सीपॅप चालूच राहतो, स्वरतंतूंच्या पलीकडे दीड-दोन सेंटिमीटरपर्यंत बारीक कॅथेटर सरकवतात आणि औषध बाळाच्याच श्वासाबरोबर आत पसरते.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ऑप्टिमिस्ट’ चाचणीत २५ ते २८ आठवड्यांच्या बाळांमध्ये या प्रकारच्या पद्धतीची तुलना नुसत्या सीपॅपशी केली होती. मृत्यू किंवा फुप्फुसाचा दीर्घकालीन आजार या एकत्रित निकषावर ठाम फरक दिसला नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. मात्र फुप्फुसातून हवा फुटून छातीत साठण्याचे प्रमाण १०.२ टक्क्यांऐवजी ४.६ टक्के राहिले.

उत्तर (एनआयसीयूतील, म्हणजे नवजात अतिदक्षता विभागातील सिस्टर):
डॉक्टरांनी सांगितले ते बरोबरच आहे, पण बाळाला काहीच त्रास होत नाही असे समजू नका, कारण लॅरिंगोस्कोप (स्वरतंतू दिसावेत म्हणून वापरायचे उपकरण) तोंडात घालावाच लागतो. डुकराच्या फुप्फुसापासून केलेल्या औषधाची मात्रा किलोमागे २०० मिलिग्रॅम, म्हणजे एक किलोच्या बाळाला जेमतेम अडीच मिलिलिटर पांढरे, दुधी द्रव. कुपी न हलवता हळूच उलटीसुलटी करून आम्ही ती कोमट होऊ देतो, बाळाला गुंडाळून धरतो आणि औषध एक ते तीन मिनिटांत सावकाश सोडले जाते. थोडे औषध कधी तोंडात परत येते. ठोके मंदावले किंवा श्वास थांबला, तर औषध थांबवून मास्कने काही श्वास द्यावे लागतात. शेवटी पोटातल्या नळीतून ओढून पाहतो, कारण तिथे पांढरे द्रव आले, तर औषध अन्ननलिकेत गेल्याची शंका येते.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही आभार. वाफेच्या रूपातील औषधाबद्दलही सांगाल का?

उत्तर (नवजात शिशुतज्ज्ञ):
ते राहूनच गेले. फवाऱ्याने दिलेल्या औषधाचा बराचसा भाग नाकात आणि नळ्यांतच अडकतो. काही चाचण्यांत त्यामुळे नळी घालण्याची वेळ कमी बाळांवर आली, काहींत उपयोग दिसला नाही; त्यामुळे ते अजून रोजच्या वापरात आलेले नाही. घशात बसवायच्या लॅरिंजियल मास्कमधूनही औषध देता येते आणि त्यासाठी लॅरिंगोस्कोप लागत नाही, परंतु तो मास्क साधारण एक किलोपेक्षा मोठ्या बाळांनाच नीट बसतो. तुमच्या डॉक्टरांना एवढेच विचारा की सीपॅपचा दाब किती आहे आणि ऑक्सिजन किती टक्क्यांवर गेल्यास औषध देणार. युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत दाब किमान ६ सेंटिमीटर (पाण्याच्या स्तंभाच्या मापात) असताना ३० टक्क्यांहून अधिक ऑक्सिजन लागू लागला की औषधाचा विचार करावा, असे म्हटले आहे, आणि उशीर झाला तर लिसाचा फायदा कमी होतो.