सोंग, ढोंग, थाप आणि फसवणूक : एका इंग्रजी नाटकाच्या निमित्ताने

प्रश्न :

ऑस्कर वाइल्डच्या ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ या नाटकावर मराठीत टिपण लिहीत आहे. १४ फेब्रुवारी १८९५ रोजी लंडनच्या सेंट जेम्स थिएटरमध्ये या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. त्यातील जॅक वर्दिंग खेड्यातील घरी ‘माझा अर्नेस्ट नावाचा उनाड धाकटा भाऊ शहरात आहे’ असे सांगतो आणि शहरात आल्यावर स्वतःच अर्नेस्ट म्हणून वावरतो. त्याचा मित्र अल्जर्नन याने बनबरी नावाचा कायमचा आजारी मित्र कल्पिला आहे. नकोशा जेवणाचे आमंत्रण आले की बनबरीची प्रकृती हटकून बिघडते. या साऱ्याला मी सरसकट ‘फसवणूक’ म्हटले आहे आणि अल्जर्ननची मावशी लेडी ब्रॅकनेल हिच्यासारख्या पात्रांच्या वागण्याला ‘ढोंग’. हे शब्द बरोबर आहेत का? शिवाय उपहास, उपरोध आणि विडंबन यांपैकी कोणता शब्द कोठे वापरावा?

उत्तर :

‘फसवणूक’ हा शब्द मला येथे जड वाटतो. मराठीत फसवणूक झाली असे आपण म्हणतो तेव्हा कोणाचे तरी नुकसान झालेले असते: पैसा गेलेला असतो, जमीन गेलेली असते, निदान विश्वास तरी गेलेला असतो. म्हणूनच हा शब्द फिर्यादीत शोभतो. या नाटकात फिर्यादी कोण? जॅकच्या पालकत्वाखाली खेड्यातील घरी राहणाऱ्या सेसिलीचेच पाहा. अल्जर्नन अर्नेस्ट बनून तिच्यासमोर उभा राहतो, त्याआधीच तिने आपल्या रोजनिशीत त्याच्याशी लग्न ठरवले आहे, स्वतःसाठी अंगठी विकत घेतली आहे, त्याच्या वतीने स्वतःलाच पत्रे लिहिली आहेत आणि रीतसर एकदा लग्न मोडून त्याला क्षमाही केली आहे. अशा मुलीला कोण फसवणार?

जॅक आणि अल्जर्नन जे करतात त्याला ‘सोंग’ म्हणावे. सोंग घेतले जाते, आणले जाते, वठवले जाते आणि उतरवलेही जाते. ते चांगले वठले तर पाहणारा दाद देतो. दारात फौजदाराच्या वेशात येऊन दरडावणारा बहुरूपी बिदागी घेऊन जातो, त्याच्यावर कोणी खटला भरत नाही. ढोंग मात्र ‘वठले’ असे आपण कधीच म्हणत नाही, ते केले जाते किंवा माजवले जाते. सोंग रूपाचे असते, तर ढोंग सद्गुणाचे असते. विरक्तीचे, भक्तीचे, सोज्वळपणाचे.

सोंगाची खरी गंमत दुसऱ्या अंकात आहे. ‘अर्नेस्ट पॅरिसमध्ये थंडी बाधून वारला’ असे सांगून हा भाऊ एकदाचा संपवावा म्हणून जॅक काळे हातमोजे आणि टोपीला काळी फीत अशा पूर्ण सुतकी पोशाखात संथ पावलांनी बागेत प्रवेश करतो, आणि नेमका त्याच वेळी घरात अल्जर्नन अर्नेस्ट होऊन बसलेला असतो. जॅकने तोंड उघडण्यापूर्वीच प्रेक्षक हसू लागतो, कारण एका सोंगाने दुसऱ्या सोंगाचे सुतक धरलेले असते. येथे ‘फसवणूक’ हा शब्द घातला की हा सगळा खेळच मरतो.

बनबरी ही मात्र निव्वळ ‘थाप’ आहे, कारण अल्जर्नन स्वतः बनबरी होत नाही, केवळ त्याचे नाव सांगतो. लोणकढी थाप पाहायची असेल तर ती नोकर लेनकडे आहे. मावशीसाठी केलेली काकडीची सँडविचे अल्जर्ननने स्वतःच फस्त केलेली असतात. मावशी आल्यावर तो रिकाम्या ताटलीकडे पाहून आश्चर्य दाखवतो, आणि लेन चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता सांगतो की आज बाजारात काकड्याच नव्हत्या, रोख पैसे मोजूनही मिळाल्या नाहीत. वाइल्डने हा ‘रोख’ उगाच घातलेला नाही. ज्या घराचा मालक उधारीवर जगतो त्या घराच्या नोकराने तो उच्चारावा, यातच मौज आहे.

लेडी ब्रॅकनेलला ढोंगी म्हणणे मला मान्य नाही. ढोंगी माणूस पैशाची हाव तत्त्वाच्या आड लपवतो. या बाई तर ती वहीत टिपून घेतात. जॅक त्यांच्या मुलीला, ग्वेंडोलनला, मागणी घालतो तेव्हा त्या पेन्सिल काढून वय, उत्पन्न, शहरातले घर विचारतात. वर्षाला सात-आठ हजार पौंड ठीक, पण बेलग्रेव्ह स्क्वेअरचे घर प्रतिष्ठित बाजूला नाही हे त्यांना खटकते. आणि वराचे आईबाप म्हणजे व्हिक्टोरिया स्टेशनच्या सामानघरात सापडलेली हातपिशवी आहे असे कळल्यावर त्या वही मिटतात. सेसिलीकडे त्या प्रथम तुच्छतेने पाहतात. तिच्या नावावर सरकारी रोख्यांत १,३०,००० पौंड आहेत हे ऐकताच तिच्यात त्यांना भरीव गुण दिसू लागतात. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, ही आपली म्हण या बाईंच्या तोंडी सहज शोभली असती.

ढोंग आणि सोंग यांच्या मधला आणखी एक शब्द या नाटकाला फार उपयोगी आहे, तो म्हणजे ‘साळसूदपणा’. चहाच्या प्रसंगात ग्वेंडोलन आणि सेसिली एकमेकींना पाण्यात पाहत असतात, परंतु समोर नोकर उभे असल्यामुळे दोघींचीही भाषा शिष्टाचाराची मर्यादा सोडत नाही. ग्वेंडोलन साखर नको म्हणते, सेसिली चिमट्याने एकेक करत चार खडे तिच्या कपात टाकते. ती पाव-लोणी मागते, सेसिली केकचा मोठा तुकडा पुढे करते. दोन्ही चेहरे साळसूद! व्हिक्टोरियन उच्चभ्रू समाजावरची सर्वांत धारदार टीका मला तरी या चार खड्यांत दिसते.

शंका :

विवेचन पटले, पण लेडी ब्रॅकनेल ढोंगी नाही म्हटले तर नाटकातील टीका कोणावर आहे? आणि त्यांची वाक्ये उपरोधाची म्हणावीत की उपहासाची? एक पालक गमावणे दुर्दैव म्हणता येईल, दोन्ही गमावणे हा निष्काळजीपणा दिसतो, असे त्या जॅकला सुनावतात. हा तर स्पष्ट उपरोध आहे.

खुलासा :

उपरोध बोलणाऱ्याच्या मनात असावा लागतो. ‘वा, फार लवकर आलात’ असे उशिरा आलेल्याला म्हणणारा माणूस उलट अर्थ जाणून बोलत असतो. लेडी ब्रॅकनेल आईबाप हरवण्याला निष्काळजीपणा म्हणतात ते पूर्ण गांभीर्याने, त्यामुळे पात्राच्या पातळीवर तो उपरोध नव्हे. उपरोध आहे तो नाटककाराचा, आणि त्याने होतो तो त्या वर्गाच्या समजुतींचा उपहास. टीकेचा रोख म्हणूनच एखाद्या ढोंगी व्यक्तीवर नाही; ज्या समाजात हे सगळे बिनदिक्कत मोठ्याने बोलता येते त्या समाजावर आहे. नटाने ही वाक्ये डोळा मारून म्हटली की ती पडतात, याचे कारणही हेच असावे.

याचे दुसरे उदाहरण आपल्या जवळचे आहे. शिक्षिका मिस प्रिझम सेसिलीला अर्थशास्त्राचा धडा वाचायला सांगते, मात्र त्यातले रुपयाच्या घसरणीचे प्रकरण अति सनसनाटी असल्याने वगळ म्हणते. आज हे वाक्य निरर्थक विनोदासारखे वाटते, पण १८७० च्या सुमारास दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया चांदीचे भाव पडल्यामुळे १८९४ पर्यंत जेमतेम एका शिलिंगाच्या वर उरला होता, आणि १८९३ मध्ये सरकारने मुंबई व कलकत्त्याच्या टांकसाळी खासगी चांदीसाठी बंद केल्या होत्या. रुपयांत पगार घेऊन इंग्लंडला पैसे धाडणाऱ्या साहेबांच्या घरी हा विषय खरोखरच हृदयद्रावक होता. मिस प्रिझम गंभीर आहे, हसतो तो प्रेक्षक.

विडंबन हा शब्द मी तिसऱ्या अंकासाठी राखून ठेवीन. लहानपणी हरवलेले मूल, खुणेची वस्तू आणि शेवटी उघड होणारे कुलशील, हा त्या काळच्या अश्रुपाती नाटकांचा ठरलेला साचा वाइल्ड तसाच्या तसा उचलतो, फक्त खुणेची वस्तू म्हणून हातपिशवी ठेवतो आणि बाळाच्या जागी बाबागाडीत तीन खंडी कादंबरीचे हस्तलिखित घालतो.

आणखी एक शंका :

शेवटी लष्करी यादीत जॅकच्या वडिलांचे नाव अर्नेस्ट जॉन निघते, म्हणजे वडिलांवरून ठेवलेले थोरल्या मुलाचेही नाव अर्नेस्टच. त्याला धाकटा भाऊही खराच असतो, तो म्हणजे अल्जर्नन. मग आधीची थाप ‘थाप’ राहते का?

उत्तर :

राहते. थाप ठरते ती सांगणाऱ्याला त्या क्षणी काय ठाऊक होते यावरून. पुढे ती खरी निघाली म्हणून तो थापाड्या नव्हता असे होत नाही. वाइल्डने नेमका हाच पेच पकडला आहे, कारण आपण आयुष्यभर खरेच बोलत आलो हे कळल्यावर जॅक ग्वेंडोलनची त्याबद्दल क्षमा मागतो. अल्जर्ननचा हिशोब मात्र अर्धाच जुळतो. जॅकचा धाकटा भाऊ हे त्याचे सोंग खरे ठरते, अर्नेस्ट हे नाव ठरत नाही. आणि अर्नेस्ट नावाच्याच पुरुषावर प्रेम करण्याचा पण केलेली सेसिली तो विषय काढतही नाही.