शब्दचर्चा : 'मिथायलेटेड' म्हणजे काय?

प्रश्न (समुद्रपूर तालुका, जि. वर्धा)
मोठ्या बाबांच्या डोक्यातली गाठ नागपूरला काढली. ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा एक कॅन्सर निघाला. आता सहा आठवडे शेक (रेडिएशन) आणि सोबत टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या आहेत. रिपोर्टात शेवटी 'एमजीएमटी प्रोमोटर मिथायलेटेड' असं लिहिलंय. आमच्याकडे मिथील म्हटलं की मिथील पॅराथिऑनची भुकटी आठवते. मोठ्या बाबांनी ती कपाशीवर वर्षानुवर्षे धुरळली, म्हणून औषध डोक्यात भिनलं असं घरचे धरून बसलेत. चुलत बहिणीचं लग्न जुळायचं आहे, तर 'जनुक' हा शब्द पाहुण्यांच्या कानी नको म्हणतात. नेमका अर्थ काय जी?

उत्तर
मिथील म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचा गट. तो त्या भुकटीच्या रेणूत असतो, तसा आपल्या प्रत्येक पेशीतही असतो. रिपोर्टातला शब्द फवारणीबद्दल काहीच बोलत नाही. पेशी स्वतःच डीएनएतल्या सायटोसिन या अक्षरावर हा गट चढवते, ते मिथायलेशन. अक्षरं तीच राहतात, म्हणून याला उत्परिवर्तन (म्युटेशन) म्हणू नये. प्रोमोटर हा जनुकाच्या सुरुवातीचा भाग. तिथे हे गट दाटले की जनुक वाचलं जात नाही, त्याचं प्रथिन बनत नाही. तपासणी गाठीच्या तुकड्याची झाली आहे, घराण्याची नाही. यावरून त्या मुलीचं लग्न अडवणं हा तिच्यावर अन्याय होईल.

दुसरं उत्तर
एमजीएमटीबद्दल थोडं. हे दुरुस्ती करणारं प्रथिन. टेमोझोलोमाइड गाठीच्या डीएनएतल्या ग्वानिनवर मिथील गट चिकटवून पेशीला मारायला बघतं आणि हे प्रथिन तो गट काढून टाकतं. या प्रथिनाचं जनुकच बंद असेल तर दुरुस्ती होत नाही, गोळी जास्त लागू पडते. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या युरोप-कॅनडातल्या अभ्यासात 206 रुग्णांच्या गाठींची ही तपासणी झाली. सुमारे 45 टक्के मिथायलेटेड निघाल्या. अशा रुग्णांपैकी शेकासोबत गोळी मिळालेले 46 टक्के दोन वर्षांनी हयात होते, आधी नुसता शेक मिळालेले सुमारे 23 टक्के. मिथायलेशन नसलेल्यांत गोळी घेऊनही सुमारे 14 टक्के. आजार अवघडच आहे, पण तुमच्या रिपोर्टातली ती ओळ चांगल्या बाजूची आहे.

प्रश्नकर्ता
म्हणजे कुठल्याही कॅन्सरात 'मिथायलेटेड' दिसलं की बरं समजायचं?

दुसरं उत्तर, पुढे
नाही भाऊ. कोणतं जनुक, ते आधी वाचा. आपल्याकडे तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यापायी तोंडाचे कॅन्सर किती होतात ते तुम्ही बघताच. त्यांत पेशींच्या वाढीला आवर घालणारं पी16 जनुक अनेकदा मिथायलेशननेच बंद पडलेलं सापडतं. तिथे बंद पडणं म्हणजे नुकसान. शिवाय तोंडाच्या कॅन्सरात शेक किती लागू पडेल हे ठरवायला अशी तपासणी अजून नेहमीच्या उपचारात आलेली नाही. कोणी त्यासाठी पैसे भरायला सांगितलं तर आधी डॉक्टरांना विचारा, याने उपचार बदलणार आहे का. मेंदूच्या या गाठीतसुद्धा एमजीएमटी शेकापेक्षा गोळीबद्दल जास्त ठामपणे सांगतं.

प्रश्नकर्ता
मोठ्या आईला कोणत्या शब्दांत सांगू?

पहिलं उत्तर, पुढे
"गाठीतलं दुरुस्तीचं जनुक बंद आहे, म्हणून गोळी लागू पडायची शक्यता जास्त आहे. गोळी चुकवायची नाही, आणि रक्ततपासणीची तारीखही चुकवायची नाही." या गोळीने प्लेटलेट उतरतात, म्हणून ते रक्ततपासणीचं वाक्य गाळू नका.