मेळघाटच्या उतारावरची मुरमाड जमीन आणि प्युमिसची जमीन: रोपवनाला एकच नियम चालतील का?

गाविलगड_उतार

चिखलदरा-धारणी पट्ट्यात साग, बांबू, मोह, ऐन असं मिश्र रोपवन करायचा आराखडा बनून राहिला आहे. उतार २५ ते ३५ टक्के. वरची माती जेमतेम २० सेंमी, तांबूस-तपकिरी. खाली मुरूम, आणि त्यात भोकाभोकांचे दगड भरपूर. न्यूझीलंड, जपान आणि अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये प्युमिसवर, म्हणजे ज्वालामुखीतून उडालेल्या फेसाळ, हलक्या दगडावर, जंगलं उभी आहेत. त्यांच्याबद्दलच्या तांत्रिक लिखाणात सगळीकडं येतं की ही जमीन हलकी असते, पाणी भरपूर धरते, पण स्फुरद अडकवते आणि उघडी पडली की वाहून जाते. आपला सातपुडाही ज्वालामुखीचाच. मग खड्डा, चर, खत यांचे तिथले नियम इथं लावायचे का? आणि आपली जमीन त्या जातीची आहे की नाही, हे जाग्यावरच कसं तपासायचं?

काळी_आणि_बरडी

नका लावू, भाऊ. दोन्ही जमिनी ज्वालामुखीतून आल्या, साम्य बहुतेक तिथंच संपतं.

आपला बेसॉल्ट म्हणजे पातळ, वाहता लाव्हा. सिलिका ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास, म्हणून वायू सहज निसटला आणि लाव्हा थरावर थर पसरत गेला. हे झालं साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी. प्युमिस होतो तो चिकट, सिलिका जास्त असलेल्या लाव्ह्याचा. वायू आत कोंडतो, स्फोट होतो, आणि फेसासकट गोठलेली काच आभाळातून पडते. ओरेगॉनचा प्युमिस माझामा पर्वताच्या सुमारे ७,७०० वर्षांपूर्वीच्या स्फोटाचा आहे. न्यूझीलंडमधला टाउपोचा तर इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला. म्हणजे तिथली माती अजून बनते आहे. काचेचे कण शाबूत असतात, आणि जिथं ओलावा चांगला तिथं ती काच विरून अ‍ॅलोफेन नावाचं धड स्फटिक नसलेलं खनिज तयार होतं. स्फुरद पकडून ठेवणारं मुख्यतः तेच. आपल्याकडं बेसॉल्ट झिजून स्मेक्टाइट चिकणमाती झाली. ती फुगते, भेगाळते. प्युमिसची जमीन तसं करत नाही.

तुमच्या मुरमातली भोकं लाव्ह्याच्या थराच्या माथ्यावरच्या वायूच्या बुडबुड्यांची आहेत. त्यातली बरीचशी नंतर झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी अशा खनिजांनी भरली. तसला वाळका दगड बादलीत टाका, थेट तळाला जाईल. वाळका प्युमिस तरंगतो.

झिओलाइटची एक चांगली बाजू आहे, तीही आराखड्यात लिहा. ते झिजताना कॅल्शियमसारखे क्षार सोडत राहतं. म्हणून बेसॉल्टवरच्या जंगलात पाऊस भरपूर असूनही माती पार धुऊन आम्लधर्मी होत नाही. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सातपुड्यातल्या मातीवर हे दाखवून दिलं आहे. प्युमिसच्या जमिनीत ही शिदोरी कमी. टाउपोच्या भागात गाईगुरं चारा असूनही खंगायची. कारण निघालं मातीतला कोबाल्टचा अभाव, आणि तो १९३०च्या दशकात कळला.

प्रयोगशाळा_वही

जाग्यावरच्या तपासण्या सांगतो.

पहिली, घनता. मुरमात पाइप ठोकून नमुना निघत नाही, कड तुटते आणि आकडा चुकतो. त्यापेक्षा २० सेंमी लांब, २० सेंमी रुंद, १५ सेंमी खोल असा खड्डा खणा आणि निघालेलं सगळं, दगडासकट, गोळा करा. खड्ड्यात पातळ प्लास्टिक अंथरा आणि काठापर्यंत किती लिटर पाणी बसतं ते मोजा. साधारण ६ लिटर येईल. गोळा केलेला माल १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून तोला. ६ लिटरला ५.४ किलोपेक्षा कमी भरलं तर घनता ०.९ च्या खाली, मग ज्वालामुखी राखेच्या जमिनीचा विचार करायचा. तुमच्याकडं ८ किलोच्या आगेमागे भरायला हवं. प्लास्टिक कोपऱ्यात नीट दाबून बसवा. खाली पोकळी राहिली तर पाणी कमी मावतं आणि जमीन आहे त्यापेक्षा जड दिसते.

दुसरी, सोडियम फ्लोराइडची. १ ग्रॅम माती, ५० मिली एक नॉर्मल द्रावण (लिटरला ४२ ग्रॅम), २ मिनिटं हलवायचं आणि सामू (पीएच) बघायचा. ९.५ च्या वर गेला तर अ‍ॅलोफेनसारखे पदार्थ असण्याची शक्यता. पण विदर्भात ही तपासणी फसवते. मातीत चुनखडी असली तरी सामू तसाच चढतो. म्हणून आधी पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. फसफसलं तर फ्लोराइडची तपासणी करूच नका, तिच्या आकड्याला अर्थ नाही. फ्लोराइड विषारी आहे. हातमोजे घाला, भांडी काचेची नको, प्लास्टिकची घ्या.

नमुना प्रयोगशाळेत पाठवताना आणखी एक चूक सर्रास होते. अहवाल २ मिमी चाळणीखालच्या मातीचा येतो. तुमच्या जमिनीत वजनानं ६० टक्के दगड असेल तर हेक्टरी अन्नद्रव्यांचा हिशेब उरलेल्या ४० टक्क्यांवरच करायचा. हे सुटलं की कागदावर जमीन दुपटीहून जास्त कसदार दिसते. प्युमिसच्या बाबतीत उलटी अडचण. खलबत्त्यात कुटला की दाणाच फुटतो आणि भरड जमीन अहवालात बारीक होऊन येते. शिवाय अ‍ॅलोफेनची माती एकदा पूर्ण वाळली की भिजवून पूर्ववत होत नाही, म्हणून तिचा नमुना ओलाच तपासतात.

पाणलोट_धुरा

पाण्याचं वागणं वेगळं सांगावं लागेल. रोपं जगतात-मरतात ती त्यावर, आणि "प्युमिस पाणी धरतो" हे वाक्य अर्धवट आहे.

प्युमिसचा दाणा पाणी पोटात ठेवतो. त्यातलं काही इतक्या बारीक किंवा बंद छिद्रांत असतं की मुळाला मिळत नाही. दाण्या-दाण्यांमधल्या जागा मोठ्या असतात, त्यामुळं थर अर्धवट कोरडा झाला की एका दाण्यातून दुसऱ्यात पाणी जवळजवळ सरकतच नाही. बारीक राखेखाली भरड प्युमिस असला तर वरचा थर चिंब होईपर्यंत पाणी खाली उतरत नाही. ओरेगॉनमध्ये मुळं वरच्या थरात दाट, मधल्या भरड प्युमिसात विरळ, आणि खाली गाडल्या गेलेल्या जुन्या मातीत पुन्हा दाट दिसतात.

आपल्याकडं पाणी दगडाच्या पोटात नाही, मुरमाच्या भेगांत असतं. साग, धावडा त्या भेगांतून मुळं घालतात. म्हणून खड्डा ४५ × ४५ × ४५ सेंमी घेतला तरी तळाला पहारीनं आणखी २०-३० सेंमी मुरूम फोडून ठेवा. माती मात्र बाहेरून आणून भरू नका. भारी काळी माती मुरमाच्या खड्ड्यात भरली की जुलै-ऑगस्टात तिथं पाणी तुंबतं आणि सागाचं मूळ कुजतं. निघालेलाच बारीक माल आणि ३-४ किलो कुजलेलं शेणखत पुरे. जिथं माती १० सेंमीही नाही आणि सालई उभी आहे, तिथं सागाचा हट्ट सोडा.

चरांबद्दल. ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल सलग समतल चर या मुरमात टिकतात, पातळी हायड्रोमार्करनं (पाण्याच्या नळीचं समतल साधन) नीट काढली तर. माती खालच्या अंगाला टाका आणि चराच्या काठापासून २०-३० सेंमी सोडा, नाहीतर पहिल्याच झडीत ती परत चरात येते. प्युमिसच्या उतारावर असा पाणी साठवणारा चर घातक ठरू शकतो. दाणे हलके, एकमेकांना धरून नसतात, आणि मुरलेलं पाणी आतल्या आत बोगदा करून घळ पाडतं. तिथं खरा उपाय गवत आणि पालापाचोळ्याचं आच्छादन न हलवणं.

झरा_आणि_गेरू

वरच्यांशी सहमत, पण एक साम्य सुटलं. दोन्हीकडं धोका दोन थरांच्या सांध्यात असतो.

जपानच्या होक्काइदोत ६ सप्टेंबर २०१८ ला भूकंप झाला आणि अत्सुमा भागात हजारो उतार झाडांसकट घसरले. तिथं तारुमाए ज्वालामुखीचा काही हजार वर्षं जुना प्युमिस डोंगरावर अंथरलेला होता. त्याचा तळ झिजून हॅलोइसाइट चिकणमाती झाली होती, कायम ओली. घसरण त्या थरावरून झाली, झाडांची मुळं तिला धरू शकली नाहीत.

आपल्याकडं लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये जो तांबडा गेरूसारखा थर असतो तो बघा. पाणी त्याच्यात सहज मुरत नाही, त्याच्या माथ्यावरून आडवं वाहतं आणि बऱ्याच ठिकाणी झरा होऊन बाहेर पडतं. तो थर भिजला की फुगतो, वाळला की भुगा होतो. उतारावर अशी तांबडी पट्टी दिसली तर तिच्या वरच्या बाजूला लगतच चर काढू नका. पट्टी नकाशावर आखून वर-खाली १०-१५ मीटर चराशिवाय ठेवा, तिथं बांबू आणि गवत लावा.

गाविलगड_उतार

आभारी आहे. आम्लानं काही ठिकाणी फसफस होते, म्हणजे फ्लोराइडची तपासणी बाद. तांबडी पट्टी नाल्याच्या कडेला उघडी दिसते, ती आता नकाशावर घेतो. शेवटचा प्रश्न रोपवाटिकेचा. पिशवीत प्युमिस मिसळायचा सल्ला मिळाला आहे. एवढ्या लांबून आणून परवडेल का?

प्रयोगशाळा_वही

गरज नाही. प्युमिस पिशवीत घालतात तो हवा खेळती राहावी आणि वजन कमी व्हावं म्हणून, खत म्हणून नाही. तेच काम भाजक्या विटांचा ३ ते ६ मिमीचा चुरा करतो, फक्त वजन थोडं जास्त. धूळ चाळून, धुऊन काढा, नाहीतर ती तळाला बसून निचरा बंद करते. दोन भाग माती, एक भाग चुरा, एक भाग कुजलेलं शेणखत. पिशवीच्या तळाला खड्यांचा वेगळा थर देऊ नका. पाणलोटभाऊंनी सांगितलेलाच प्रकार तिथं होतो, बारीक माती चिंब होईपर्यंत पाणी खड्यांत उतरत नाही आणि मुळं नेमकी त्या ओल्या भागात सडतात. सगळं एकजीव मिसळा आणि पिशवीला खालच्या तिसऱ्या भागात ८-१० भोकं पाडा.