मॅटप्लॉटलिब : गटांतील रेषांची संख्या वेगवेगळी असताना रंग आणि लेबले कशी द्यावीत?

प्रश्न

मॅटप्लॉटलिब या पायथॉनमधील आलेख-लायब्ररीने काढायचे मोजमापांचे तीन गट माझ्याकडे आहेत. पहिल्यात 7 मालिका (प्रत्येकीची आलेखात एक रेषा), दुसऱ्यात 3, तिसऱ्यात एकच. प्रत्येक मालिकेतील बिंदूंची संख्याही निराळी आहे. एका गटाच्या रेषा एकाच रंगाच्या छटांत दिसाव्यात आणि लेजेंडमध्ये (रेषांची नावे सांगणाऱ्या चौकटीत) गटाचे नाव एकदाच यावे, एवढेच हवे आहे. सध्या लेजेंडमध्ये 11 ओळी येतात आणि अकरावी रेषा पुन्हा पहिल्याच निळ्या रंगात उमटते. सर्व मालिका एकाच नमपाय ॲरेमध्ये (पायथॉनच्या गणिती लायब्ररीतील संख्यांच्या सारणीत) भरू गेलो, तर व्हॅल्यूएरर ही त्रुटी मिळाली.

उत्तर 1

मूळ रंगचक्रात 10 च रंग आहेत, म्हणून अकराव्या रेषेला पहिला रंग येतो. नमपायच्या 1.24 आवृत्तीपासून असमान लांबीच्या याद्यांचा ॲरे आपोआप बनत नाही. त्याच्या मागे न लागता गटाचे नाव ही किल्ली आणि मालिकांची यादी हे मूल्य अशी साधी डिक्शनरी ठेवावी आणि एकात एक दोन लूप चालवावेत. लेबल फक्त गटातील पहिल्या रेषेला द्यावे. उरलेल्यांना दिलेच नाही, तर त्यांना अंडरस्कोअरने सुरू होणारे अंतर्गत नाव मिळते आणि अशी नावे लेजेंड वगळते.

उत्तर 2

वरील पद्धत योग्य आहे, पण छटा काढताना एक खोच आहे, जिच्यात मी स्वतः अडकलो होतो. ब्लूज, ऑरेंजेस यांसारख्या रंगपट्ट्यांवर लिनस्पेसने (समान अंतरावरची मूल्ये देणाऱ्या नमपाय फंक्शनने) 0.4 ते 0.9 अशा छटा (0 म्हणजे फिकट, 1 म्हणजे गडद) घेतल्या, तर एकाच मालिकेच्या गटाला केवळ आरंभीचे मूल्य, म्हणजे सर्वांत फिकट छटा मिळते आणि लेजेंडमध्येही प्रत्येक गटाची फिकट रेषाच दिसते. क्रम उलटा करून 0.9 पासून 0.4 पर्यंत उतरावे. दोन्ही अडचणी एकदमच सुटतात.

प्रश्नकर्ता

क्रम उलटा केल्यावर एकटी रेषा ठळक झाली, आभारी आहे. मात्र पहिल्या गटातील सात छटा एकमेकींपासून ओळखता येत नाहीत.

उत्तर 2

सात छटा डोळ्यांना वेगळ्या कळाव्यात ही अपेक्षाच जास्त आहे. तिथे रंगाने गट दाखवावा आणि मालिकेचे नाव ॲनोटेट (आलेखावर मजकूर लिहिणारे फंक्शन) वापरून तिच्या शेवटच्या बिंदूपासून 5 पॉइंट उजवीकडे लिहावे. लांबी असमान असल्याने रेषा वेगवेगळ्या ठिकाणी संपतात, त्यामुळे नावे एकमेकांवर सहसा चढत नाहीत. स्थान मात्र प्रत्येक मालिकेच्या स्वतःच्या शेवटच्या मूल्यावरून घ्यावे, अक्षाच्या टोकावरून नव्हे.